सायंटिस्ट नसाल तरी रिसर्चला पैसे द्यायचेत? मग हे वाचा

विज्ञान शाळेतच सुटलेलं असतं, तरी मनातून वाटत असतं की आपले थोडे पैसे एखाद्या आजारावरच्या रिसर्चला जावेत, किंवा आकाश बघणाऱ्या कुणाच्या तरी दुर्बिणीला लागावेत, आणि मग लगेच दुसरा विचार येतो की आपल्याला त्यातलं काय कळतंय, कुणीही गंडवेल. अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी पण सायंटिस्ट नाही, हिशेब तपासायचं माझं काम, पण रिसर्चला पैसे देणाऱ्या एका छोट्या ग्रुपमध्ये अर्ज आणि बजेटं वाचायला मी असते, आणि त्यातून जे उमगलं ते इथे टाकतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की विषय कळायलाच हवा असं काही नाही, पण प्रश्न विचारता यायला हवेत, कंटाळवाण्या कामाला पैसे द्यायची तयारी हवी आणि निकाल आपल्या हातात नाही हे आधीच मान्य असायला हवं.

आधी एक जुनी गोष्ट

कॅथरीन वुल्फ ब्रूस न्यूयॉर्कच्या. वडील छपाईचे टाइप बनवायचे, त्यात चांगलं कमावलेलं. १८८८ मध्ये सायमन न्यूकम या त्या काळच्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाचा लेख आला, त्यातला सूर असा की खगोलशास्त्रात जे कळण्यासारखं आहे त्याच्या शेवटापर्यंत आपण जवळजवळ पोचलोय. बाईंना ते अजिबात पटलं नाही. वय सत्तरीच्या पुढे, आणि त्या वयात त्यांनी १८८९ ला हार्वर्डच्या ऑब्झर्व्हेटरीला ५०,००० डॉलर दिले, आकाशाचे फोटो काढणाऱ्या २४ इंची टेलिस्कोपसाठी. तो पुढे पेरूमधल्या अरेकिपाला नेऊन बसवला कारण दक्षिणेकडचं आकाश तिथून दिसतं. बाई १९०० साली गेल्या.

त्या टेलिस्कोपने काढलेल्या काचेच्या प्लेटा हार्वर्डला यायच्या आणि तिथे हेन्रिएटा लेविट ताशी ३० सेंटवर त्या तपासत बसायची. प्लेटवर आकाश पांढुरकं आणि तारे म्हणजे काळे ठिपके. एका रात्रीची निगेटिव्ह आणि दुसऱ्या रात्रीची पॉझिटिव्ह एकावर एक ठेवायची, भिंग लावायचं आणि एकेक ठिपका बघत जायचं की कुठला लहानमोठा झालाय, झाला असेल तर काचेवर शाईने खूण करायची, आणि परत पुढची प्लेट. असं वर्षानुवर्षं. १९१२ ला तिने २५ ताऱ्यांवरून दाखवून दिलं की तेज कमीजास्त होणाऱ्या या जातीचा तारा जितका जास्त तेजस्वी तितका त्याचा कमीजास्त होण्याचा काळ मोठा, म्हणजे नुसता काळ मोजला की तो मुळात किती तेजस्वी ते कळतं आणि मग तो किती लांब आहे तेही काढता येतं.

दुसरीकडे लॉस एंजेलिसमध्ये जॉन हूकर, हार्डवेअर आणि लोखंडी पाइपांचा धंदा करणारा माणूस. त्याने १९०६ ला टेलिस्कोपच्या १०० इंची आरशासाठी ४५,००० डॉलर दिले. काच फ्रान्सहून आली तर तिच्यात बुडबुडे, मग घासून आरसा तयार व्हायला आणखी वर्षं गेली, बाकीचा मोठा खर्च कार्नेगी संस्थेने उचलला. हूकर १९११ ला वारला, टेलिस्कोप चालू झाला १९१७ ला. आणि १९२३ ला एडविन हबलला त्याच टेलिस्कोपच्या फोटोत अँड्रोमेडा नावाच्या आकाशातल्या धूसर ठिपक्यामध्ये लेविटने अभ्यासलेल्या जातीचा एक तारा सापडला, तिचं सूत्र लावल्यावर कळलं की अँड्रोमेडा आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे, वेगळीच दीर्घिका आहे. विश्व एकदम केवढं तरी मोठं झालं.

टाइप बनवणाऱ्याची मुलगी आणि पाइपवाला, दोघांनाही यातलं काही बघायला मिळालं नाही, आणि पैसे देताना असं काही निघेल हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. पण ब्रूसबाईंची एक गोष्ट मला त्या मोठ्या देणगीपेक्षाही जास्त आवडते. १८९० मध्ये त्यांनी हार्वर्ड ऑब्झर्व्हेटरीचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्यामार्फत वेगवेगळ्या देशांतल्या खगोलशास्त्रज्ञांना छोट्या छोट्या रकमा वाटल्या. कुणाचं उपकरण अडलेलं, कुणाला आकडेमोडीला माणूस हवा होता. पुढे जर्मनीतल्या मॅक्स वुल्फच्या दुर्बिणीला त्यांनी १०,००० डॉलर दिले, आणि त्याने १८९१ ला शोधलेल्या लघुग्रहाला ब्रुशिया नाव दिलं, फोटोवरून सापडलेला तो पहिला लघुग्रह. आपल्यासारख्यांनी शिकायचं ते या छोट्या रकमांकडून.

कशाला द्यायचं ते आधी स्वतःशी ठरवा

दोन प्रकारचं देणं असतं आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. एक म्हणजे ठरावीक प्रश्नाला, घरात कुणाला एखादा आजार आहे त्याच्यावर औषध निघावं म्हणून. दुसरं म्हणजे नुसत्या कुतूहलाला, गरम पाण्याच्या झऱ्यात जगणारे जिवाणू कसे जगतात वगैरे. दुसरं ऐकायला चैनीचं वाटतं, पण १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉकला यलोस्टोनच्या झऱ्यात जो जिवाणू सापडला त्याच्यातलं उष्णता सहन करणारं एन्झाइम पुढे पीसीआरमध्ये वापरलं गेलं, आणि पीसीआर टेस्ट काय असते हे कोविडनंतर कुणाला सांगायची गरज उरली नाही. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे थोडं थोडं द्या, पण देताना हे कुठल्या खात्यातलं आहे ते मनात स्पष्ट असू द्या, म्हणजे कुतूहलाच्या पैशाला दोन वर्षांनी औषध कुठाय असं विचारलं जाणार नाही.

आणि एक प्रश्न स्वतःला विचाराच, यातून काहीही निघालं नाही तर चालेल का? नसेल चालत तर ते पैसे हॉस्पिटलला द्या, पेशंटच्या उपचाराला द्या, तेही तितकंच चांगलं काम आहे. रिसर्चला तेच पैसे द्यायचे जे गेले तरी मन खट्टू होणार नाही.

कुठे द्यायचं

रक्कम छोटी असेल आणि खोलात शिरायला वेळ नसेल तर सरळ अशा संस्थेला द्या जिच्याकडे अर्ज तपासायला बाहेरच्या तज्ज्ञांची समिती आहे. छोट्या रकमेने काय होणार असं वाटत असेल तर पोलिओचं बघा. अमेरिकेत १९३८ ला पोलिओसाठी राष्ट्रीय फाउंडेशन निघालं, तेव्हाचे अध्यक्ष रुझवेल्ट स्वतः पोलिओने अपंग झालेले, आणि लोकांना सांगितलं की एकेक डाइम पाठवा, म्हणजे १० सेंटचं नाणं. व्हाइट हाउसमध्ये नाण्यांनी भरलेली पाकिटं पोत्यांनी येऊन पडली. हे फाउंडेशन चालवणारा बॅझिल ओ'कॉनर वकील होता, सायंटिस्ट नव्हे. त्याच्या फाउंडेशनने दोन गोष्टी फार शहाणपणाने केल्या, एक म्हणजे कुठला अर्ज चांगला हे ठरवायला शास्त्रज्ञांची समिती बसवली, आणि दुसरी म्हणजे फक्त लस बनवणाऱ्यांना पैसे न देता मुळातल्या कामालाही दिले. जॉन एंडर्स आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९४९ ला पोलिओचा व्हायरस मज्जासंस्थेबाहेरच्या पेशींमध्ये वाढवून दाखवला, ते काम याच पैशावर चाललं होतं, त्याच्याशिवाय एवढ्या मोठ्या प्रमाणावर लस बनवणं अवघड होतं. १९५४ च्या चाचणीत जवळपास १८ लाख मुलं होती आणि १२ एप्रिल १९५५ ला जोनास साल्क या शास्त्रज्ञाची पोलिओची लस चालते असं जाहीर झालं.

मधली रक्कम असेल तर थेट विद्यापीठ किंवा रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या एखाद्या लॅबला देता येते, पण पैसे कायम संस्थेच्या खात्यात जायला हवेत, पावती संस्थेची हवी, माणसाच्या खासगी खात्यात काहीही टाकायचं नाही, तो कितीही मोठा असला तरी. करसवलतीचे नियम जिथले तिथे वेगळे, ते आपल्या सीएला विचारा.

क्राउडफंडिंगवरही रिसर्चचे प्रोजेक्ट असतात. तिथे छोटे, स्पष्ट, काही महिन्यांत संपणारे प्रोजेक्ट निवडा, अमुक तलावातल्या बेडकांची मोजणी, तमुक जुन्या नमुन्यांचं सिक्वेन्सिंग असे. तिथे कॅन्सर बरा करतो म्हणणारा दिसला की पुढे जायचं.

आजारासाठी द्यायचं असेल तर त्या आजाराच्या पेशंट संस्था बघा, त्यांना प्रश्न आतून माहीत असतो. सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसांत घट्ट चिकट द्राव साठत जाणारा जन्मजात आजार, त्याचं फाउंडेशन हे यातलं मोठं उदाहरण, १९५५ ला आईवडिलांनी सुरू केलेली संस्था. त्यांनी पेशंटची नोंदवही ठेवली, उपचार केंद्रांचं जाळं उभं केलं आणि मग एका औषध कंपनीत रिसर्चसाठी पैसे घातले, एकूण १५ कोटी डॉलरच्या आसपास. २०१२ ला पहिलं औषध आलं, थोड्याच पेशंटना चालणारं, २०१९ ला आलं ते बहुतेकांना चालणारं. २०१४ ला फाउंडेशनने आपला रॉयल्टीचा हक्क ३.३ अब्ज डॉलरला विकला आणि ते पैसे परत त्याच कामात घातले. पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की २०१९ च्या औषधाची लिस्ट प्राइस वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर ठेवली गेली. म्हणून मोठी रक्कम देणाऱ्या ग्रुपला मी नेहमी सांगते की औषध निघालं तर ते लोकांना कुठल्या किमतीला मिळणार हे करार करतानाच बोलून घ्या, नंतर कुणी ऐकून घेत नाही.

खरं खोटं कसं तपासायचं

इथे जरा वेळ घालवा. पहिलं, त्या माणसाचं नाव पबमेड किंवा गूगल स्कॉलर या रिसर्च पेपर शोधायच्या साइटवर टाका. पेपर कळले नाही तरी चालतील, एवढंच बघा की याच विषयावर पेपर आहेत का, अलीकडचे आहेत का, आणि बाकीच्या लोकांनी त्यांचा संदर्भ घेतलाय का. दुसरं, रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस आहे, मागे घेतलेल्या पेपरांचा, तिथे नाव शोधा. एखादा पेपर मागे घेतला म्हणजे माणूस चोर असं होत नाही, प्रामाणिक चूक सापडली म्हणून स्वतःहून मागे घेणारे पण असतात आणि मला तर त्यांच्याबद्दल आदर वाटतो, पण कारण काय दिलंय ते वाचा. तिसरं, माणसांवर औषधाची चाचणी असेल तर ती सुरू व्हायच्या आधी क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकेतल्या किंवा त्या त्या देशाच्या, चाचण्यांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीत नोंदवलेली हवी, आणि तिथे मुख्य मोजमाप काय ठरवलंय ते लिहिलेलं असतं. अर्जात एक आणि रजिस्ट्रीत दुसरंच मोजमाप दिसलं तर विचारा.

रजिस्ट्रीत नाव आहे म्हणजे सरकारने पास केलंय असा अर्थ होत नाही हेही लक्षात ठेवा. काही क्लिनिक्स स्टेम सेलच्या नावाखाली चाचणी नोंदवतात आणि पेशंटकडूनच पैसे घेतात. प्रयोगातल्या औषधाचे पैसे भाग घेणाऱ्याकडून मागितले जात असतील तर तिथे देणगी तर नाहीच द्यायची, पेशंटलाही जाऊ द्यायचं नाही.

मग समोर बसून, किंवा कॉलवर, विचारायचे प्रश्न. माझा सगळ्यात आवडता प्रश्न म्हणजे, तुमचं म्हणणं चुकीचं आहे हे तुम्हाला कशावरून कळेल? चांगला सायंटिस्ट यावर खुलतो, तो लगेच सांगतो की अमुक प्रयोगात अमुक दिसलं नाही तर आमची कल्पना गेली, आणि तो प्रयोग बजेटमध्ये दाखवतो सुद्धा. ज्याला हा प्रश्न अपमानासारखा वाटतो तिथे मी थांबते. नंतर विचारा की हेच काम दुसरं कोण करतंय आणि त्यांचं तुमच्यापेक्षा काय बरं आहे. किती नमुने घेणार आणि तेवढेच का, हा आकडा कुणी काढला? आकडेवारी करणाऱ्या माणसाला कुठला नमुना कुठल्या गटातला हे माहीत असणार की नसणार? निकाल उलटा आला तरी छापणार का? यातला एकही प्रश्न विचारायला बायोलॉजी यावी लागत नाही बघा.

बाहेरच्या एखाद्या तज्ज्ञाला मानधन देऊन मत घ्या, मोठ्या रकमेला तर घ्याच. तो अर्ज करणाऱ्याबरोबर पेपर लिहिणारा नको, त्याचा जुना गाइड नको, आणि त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी पण नको. त्याला लांबलचक रिपोर्ट मागू नका, फक्त विचारा की तुमच्या स्वतःच्या विद्यार्थ्याला या प्रोजेक्टवर लावाल का आणि नसाल लावत तर का नाही.

मोठी नावं बघून भुलू नका हे सांगायलाच हवं. थेरॅनोस ही रक्त तपासणीची कंपनी, २००३ ला निघालेली, तिच्या संचालक मंडळावर माजी मंत्री आणि सेनाधिकारी होते, भल्याभल्यांनी पैसे घातले, पण थेंबभर रक्तात सगळ्या टेस्ट होतात याचा स्वतंत्र तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा बाहेर आलेलाच नव्हता. २०२२ च्या जानेवारीत संस्थापिकेला फसवणुकीसाठी दोषी ठरवलं गेलं. गुपित आहे म्हणून डेटा दाखवत नाही असं कुणी म्हणालं तर त्याचं गुपित त्याच्याकडे आणि आपले पैसे आपल्याकडे.

बजेट वाचताना

हा माझा प्रांत म्हणून जरा सविस्तर. एखाद्या बायोलॉजी लॅबचं बजेट उघडलं की सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा माणसांचा असतो, टेक्निशियन, पीएचडीची मुलं, पोस्टडॉक म्हणजे पीएचडी झालेले संशोधक. देणगीदारांना हा आकडा बघून वाटतं की अरे पगारातच सगळं चाललंय, रिसर्च कुठाय. पण रिसर्च म्हणजे तीच माणसं, रात्री साडेअकराला पेशींना खाऊ घालायला येणारी. मग खाली केमिकल्स आणि अँटीबॉडी, इथे बघायचं की अँटीबॉडी तपासून घ्यायला वेगळे पैसे धरलेत का, कारण बाजारात मिळणारी अँटीबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटते आणि सगळा प्रयोग वाया जातो हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. उणे ८० डिग्रीचा फ्रीझर असेल तर त्याला वीजबॅकअप आणि अलार्म आहे का विचारा, एका रात्रीत वर्षांचे नमुने वितळू शकतात. मायक्रोस्कोपचा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट लोक हमखास कापतात कारण त्याला देणगीदाराचं नाव देता येत नाही, मशीनला देता येतं, आणि मग मशीन दोन वर्षांनी कव्हर घालून कोपऱ्यात. माणसांवरची चाचणी असेल आणि बजेटमध्ये स्टॅटिस्टिशियनचा एक रुपया नसेल तर तिथे बोट ठेवा. डेटा साठवायचा खर्च, आणि पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून जर्नलला द्यायची फी, हे दोन्ही धरलेलं असेल तर समोरच्याने शेवटपर्यंत विचार केलाय असं समजा.

ओव्हरहेडवरून फार भांडणं होतात. संस्था देणगीतला काही टक्के भाग वीज, इमारत, एथिक्स कमिटी, प्राण्यांची निगा, अकाउंट्स यासाठी घेते. माझे शंभरच्या शंभर रुपये रिसर्चलाच जावेत हा हट्ट चांगल्या मनाने धरलेला असतो पण तो चुकीचा आहे, लाईटशिवाय लॅब चालत नाही आणि एथिक्स कमिटीशिवाय चालूच नये. टक्का किती ते विचारा, त्यात काय काय येतं ते विचारा, इतर देणगीदारांना हाच टक्का आहे का विचारा, आणि उत्तर पटण्यासारखं असलं तर द्या.

आणि छोट्या देणगीदाराची खरी जागा मला विचाराल तर मधल्या खिंडारात आहे. एक सरकारी ग्रँट संपली, दुसरी मंजूर व्हायला आठ दहा महिने, आणि त्या मधल्या काळात दहा वर्षं लॅबमध्ये असलेल्या टेक्निशियनला काढावं लागतं, तिच्या हातातलं कसब तिच्याबरोबर जातं. तो आठ महिन्यांचा पगार देणं म्हणजे ब्रूसबाईंच्या छोट्या रकमांसारखंच. तसंच ज्या कल्पनेवर अजून पुरावा नाही म्हणून सरकार पैसे देत नाही आणि पैसे नाहीत म्हणून पुरावा गोळा होत नाही, तिथे. कातालिन कारिको एमआरएनएवर, म्हणजे पुढे कोविडच्या लशीत वापरल्या गेलेल्या रेणूवर, काम करत होत्या, ग्रँट मिळेनात, १९९५ ला विद्यापीठात त्यांची पायरी उतरवली गेली, त्या तरी काम करत राहिल्या, २००५ ला ड्रू वाइसमनबरोबरचा तो महत्त्वाचा पेपर आला आणि २०२३ ला दोघांना नोबेल. अशा किती जणांनी मधेच सोडून दिलं असेल याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं.

लिहून काय घ्यायचं

एका पानाचं पत्र पुरतं. निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध करायचा, आणि छापायच्या आधी देणगीदाराची परवानगी लागणार नाही. ही अट आपल्याच विरोधात आहे असं वाटेल पण तीच आपलं नाव स्वच्छ ठेवते. डेटा ठरावीक मुदतीत इतरांना खुला करायचा, पेशंटची ओळख झाकून. पैसे हप्त्याने, आणि हप्ता निकालावर अवलंबून नको, काम झालं की नाही यावर हवा, नाहीतर लोक हवे तसे निकाल आणायला लागतात. वर्षातून एकदा साध्या भाषेत दोन पानी रिपोर्ट, दर महिन्याला नको, रिपोर्ट लिहिण्यातच त्यांचा वेळ जातो. प्रयोग कसा करायचा यात आपण लुडबूड करायची नाही. आपली कंपनी किंवा नातेवाइकांचा त्यात फायदा असेल तर तो आधीच सांगून टाकायचा.

नंतर

रिपोर्ट आला की त्यात एक तरी गोष्ट फसलेली दिसायला हवी. सगळंच छान चाललंय असं तीन वर्षं लिहून येत असेल तर फोन करा.

२०१४ ची आइस बकेट चॅलेंज आठवत असेल, डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं, त्यातून अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला ११.५ कोटी डॉलर मिळाले, एएलएस म्हणजे हळूहळू स्नायूंवरचा ताबा जाणारा आजार. त्यातला काही भाग जगभरातल्या पेशंटच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या प्रोजेक्टला गेला आणि २०१६ ला या आजाराशी जोडलेलं एनईके१ नावाचं जनुक सापडलं. त्यातलेच २२ लाख डॉलर एका औषधाच्या चाचणीला गेले, २०२२ ला अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, लोकांनी आनंद केला, आणि मग मोठ्या चाचणीत ते औषध चाललं नाही, २०२४ ला कंपनीने ते बाजारातून मागे घेतलं. पेशंटच्या घरच्यांसाठी हे भयंकर आहे, ते मी कमी लेखत नाही. पण कंपनीने मोठी चाचणी पूर्ण केली, निकाल सांगितला आणि औषध काढून घेतलं, यालाच पैसे नीट लागले म्हणायचं. ज्या लॅबने उलटा निकाल प्रामाणिकपणे सांगितला तिला पुढच्या वेळी आधी द्या.

पैसे नसतील तर

शॅरन टेरी आणि त्यांचे पती पॅट, दोघांनाही विज्ञानाची पार्श्वभूमी नाही. १९९४ ला त्यांच्या दोन मुलांना पीएक्सई नावाचा दुर्मीळ आजार निघाला, त्वचा आणि डोळ्यांवर परिणाम करणारा. एका शहरातल्या संशोधकांनी येऊन मुलांचं रक्त नेलं, काही दिवसांनी दुसऱ्या शहरातले आले, त्यांना पण रक्त हवं होतं. यांनी विचारलं की तुम्ही एकमेकांत वाटून का घेत नाही, मुलांना परत सुई कशाला? तर तसं करत नाहीत म्हणे. त्यावरून या दोघांनी जगभरातले पेशंट शोधून स्वतःच रक्त आणि टिश्यूची बँक काढली, आणि ज्याला नमुने हवेत त्याने इतरांबरोबर काम करायचं अशी अट घातली. २००० साली जनुक सापडलं. पैशापेक्षा त्या एका अटीने जास्त काम केलं असं मला वाटतं.

एवढं सगळ्यांना जमणार नाही, पण पेशंट नोंदवहीत नाव घालणं जमतं, निरोगी माणूस म्हणून चाचणीत भाग घेणं जमतं. झूनिव्हर्ससारख्या, सामान्य लोकांकडून रिसर्चचं काम करून घेणाऱ्या साइटवर फोटो तपासायला बसता येतं, २००७ ला हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला गॅलेक्सी झू या तशाच प्रोजेक्टमध्ये दीर्घिकांचे फोटो बघताना एक निळसर ढग दिसला, त्या वेळी खगोलशास्त्रज्ञांनाही तो काय आहे हे माहीत नव्हतं, आणि आज तो तिच्या नावाने ओळखला जातो. हिशेब येत असतील तर एखाद्या पेशंट संस्थेचे हिशेब बघून द्या, त्यांना त्याची फार गरज असते, हे मी अनुभवाने सांगते.

पहिली मेल

लोक इथेच अडतात म्हणून नमुना देतेय, आपल्या शब्दांत बदलून घ्या.

"नमस्कार सर किंवा मॅडम, मी अमुक, शास्त्रज्ञ नाही. तुमच्या तमुक विषयावरच्या कामाबद्दल वाचलं. माझ्याकडे किंवा आमच्या ग्रुपकडे एवढी रक्कम आहे, एकदाच देता येईल किंवा तीन वर्षं विभागून. तुमच्या लॅबमध्ये असं कुठलं काम आहे का जे एवढ्या पैशाअभावी थांबलंय आणि ज्याला ग्रँट मिळत नाही? अर्धा तास बोलता येईल का? पैसे संस्थेमार्फतच देऊ, त्यासाठी कुणाशी बोलायचं तेही कळवा."

रक्कम पहिल्याच मेलमध्ये लिहा, लाजू नका, त्यावरून त्यांना लगेच ठरवता येतं की फ्रीझर मागायचा की चार महिन्यांचा टेक्निशियन. फाइल जोडू नका. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर परत एकदा पाठवा आणि या वेळी डिपार्टमेंटच्या ऑफिसलाही कॉपी टाका, कारण ग्रँटची शेवटची तारीख जवळ आली की ही माणसं महिनाभर इनबॉक्स उघडत नाहीत.